डिमेन्शिया सांभाळणाऱ्या घरांसाठी स्वमदत गट कसा उभा करावा

डिमेन्शियाच्या, म्हणजे विसरण्याच्या आजाराच्या (स्मृतिभ्रंशाच्या) रुग्णांची काळजी घेणाऱ्यांचे गट जितक्या उत्साहानं सुरू होतात तितक्याच लवकर बंद पडतात, आणि कारण बहुतेक वेळा एकच असतं. ज्या व्यक्तीला गटाची सर्वांत जास्त गरज आहे, तिलाच दीड तास घराबाहेर पडता येत नाही. हॉल मिळतो, डॉक्टर बोलायला तयार असतात, पहिल्या दिवशी खुर्च्याही भरतात. तिसऱ्या महिन्यात मोजकी माणसं उरतात. रोज सासूबाईंना न्हाऊ घालणारी सून किंवा नवऱ्यामागे रात्र रात्र जागणारी बायको त्यांच्यात नसते. येतात ते ऑफिसातून परस्पर येऊ शकणारे मुलगे, किंवा पुढे आपल्यालाही हे होईल का या धास्तीनं आलेले ज्येष्ठ. त्यांचेही प्रश्न खरेच आहेत. पण गट आखताना डोळ्यांसमोर ठेवायची ती घरात अडकलेली व्यक्ती. ती येऊ शकली तर बाकीचे येतातच.

पुण्यातल्या स्किझोफ्रेनिया अवेअरनेस असोसिएशन आणि पार्किन्सन्स मित्रमंडळ यांच्या वर्तुळात काळजी घेणाऱ्याला शुभंकर आणि रुग्णाला शुभार्थी म्हणतात. हे शब्द मला जवळचे वाटतात, म्हणून इथेही तेच वापरते.

२०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या राष्ट्रीय पाहणीनुसार भारतात साठीच्या पुढच्या ७.४ टक्के लोकांना, म्हणजे सुमारे ८८ लाख माणसांना डिमेन्शिया आहे. शहरांपेक्षा खेड्यांत आणि पुरुषांपेक्षा स्त्रियांत हे प्रमाण जास्त दिसलं. तुम्ही राहता त्या प्रभागात, गावात, तुमच्याच सोसायटीत असं आणखी एखादं घर असण्याची शक्यता चांगलीच आहे. ते घर बोलत नाही, एवढंच.

आधी गटाकडून काय हवं ते ठरवा

गट म्हणजे उपचार नव्हे. निदानच झालेलं नसेल तर पहिली वारी न्यूरॉलॉजिस्टकडे, मानसोपचारतज्ज्ञाकडे किंवा मेमरी क्लिनिकमध्ये करायची. बी-१२ ची कमतरता, थायरॉइड, नैराश्य, पडल्यावर मेंदूभोवती साचलेलं रक्त अशा गोष्टींमुळेही माणूस डिमेन्शिया झाल्यासारखा वागतो, आणि त्यांतल्या बऱ्याच गोष्टींवर इलाज आहे. "वय झालं, चालायचंच" असं म्हणून तपासणी टाळलेलं घर गटात आलं, तर त्यांना आधी डॉक्टरांकडे पाठवणं हेच गटाचं पहिलं काम.

गटात मिळतं ते वेगळंच. "आई मला चोर म्हणते" असं सून नातेवाइकांना सांगते तेव्हा तिला दोन उत्तरं मिळतात. एक, "अगं त्या आजारी आहेत, मनावर काय घेतेस." दुसरं कुणी बोलून दाखवत नाही, पण नजरेत दिसतं: काहीतरी घेतलं असेल हिनं. गटात तिसरं उत्तर मिळतं. कुणीतरी म्हणतं, "आमच्याकडे बांगड्यांवरून चालायचं. मी तशीच दिसणारी खोटी जोडी आणून ठेवली. बांगड्या गेल्या म्हणाल्या की दोघी मिळून शोधतो आणि त्या सापडतात." या उत्तरात कुणी दचकलेलं नाही, कुणी निवाडा केलेला नाही, आणि घरी जाऊन लगेच करून पाहण्यासारखं काहीतरी हाती आहे. या तीन गोष्टी एकत्र दुसरीकडे कुठे मिळत नाहीत.

याचा उपयोग मोजूनही पाहिला गेला आहे. न्यूयॉर्क विद्यापीठात मेरी मिटलमन आणि सहकाऱ्यांनी जोडीदाराला सांभाळणाऱ्यांसाठी एक कार्यक्रम राबवला. त्यात कुटुंबासह समुपदेशन होतं, स्वमदत गट होता आणि लागेल तेव्हा फोनवर आधार होता. १९९६ च्या त्यांच्या निष्कर्षांत असा आधार मिळालेल्या घरांतले रुग्ण इतरांपेक्षा साधारण ३२९ दिवस उशिरा नर्सिंग होममध्ये, म्हणजे रुग्णाला कायमचं ठेवून सांभाळणाऱ्या संस्थेत गेले. २००६ मध्ये, जास्त लोकांच्या आणि जास्त वर्षांच्या पाठपुराव्यानंतर, हाच फरक ५५७ दिवसांचा दिसला. हे श्रेय एकट्या गटाचं नाही, पूर्ण कार्यक्रमाचं आहे.

आपल्या जवळचं उदाहरण गोव्याचं. तिथे 'संगाथ' संस्थेच्या कामातून ८१ घरांचा अभ्यास झाला आणि २००८ मध्ये प्रसिद्ध झाला. थोडं प्रशिक्षण दिलेले स्थानिक कार्यकर्ते घरी जात, आजार समजावून सांगत, वागणुकीतल्या अडचणींवर मार्ग सुचवत, गरज पडली तर मानसोपचारतज्ज्ञांशी गाठ घालून देत आणि घरांची एकमेकांशी ओळख करून देत. सहा महिन्यांत शुभंकरांचा मानसिक त्रास लक्षणीय कमी झाला. मोठी इमारत नाही, महागडं यंत्र नाही, तज्ज्ञही मोजकेच. मला हा अभ्यास फार धीर देतो, कारण यातली जवळजवळ प्रत्येक गोष्ट आपल्या तालुक्यात करता येण्यासारखी आहे.

तयार गट आहे का, ते पाहा

नवा गट काढण्याआधी आठवडाभर फोन करा. अल्झायमर्स अँड रिलेटेड डिसऑर्डर्स सोसायटी ऑफ इंडिया ही १९९२ मध्ये केरळमध्ये सुरू झालेली संस्था. तिच्या शाखा देशभर आहेत, तुमच्या भागातलं काम कोण पाहतं ते विचारा. ज्येष्ठांसाठी काम करणाऱ्या संस्थांपैकी मुंबईची डिग्निटी फाउंडेशन डिमेन्शियाच्या क्षेत्रात जुनी आहे. ठाण्यात १९९० पासून काम करणारी आयपीएच (इन्स्टिट्यूट फॉर सायकॉलॉजिकल हेल्थ) मानसिक आरोग्याचे स्वमदत गट चालवण्याबद्दल ओळखली जाते. शिवाय मोठ्या सरकारी आणि धर्मादाय रुग्णालयांच्या मानसोपचार विभागातल्या समाजसेवकाला भेटा. डॉक्टरांपेक्षा त्यांना ही माहिती जास्त असते. ज्येष्ठांसाठीची राष्ट्रीय हेल्पलाइन १४५६७ ही आहे, तिथेही विचारता येतं.

गट सापडला तर दोनच गोष्टी विचारा. बैठकीत जास्त वेळ कोण बोलतं, व्याख्याते की घरची माणसं? आणि बैठकीत कुणी काही विकतं का? केअर सेंटरनं किंवा औषध कंपनीनं जागा दिली तर हरकत नाही. पण प्रत्येक बैठकीच्या शेवटी माहितीपत्रक हातात येत असेल, तर तो गट शुभंकरांसाठी नाही. चांगला गट मिळाला तर पुढचं निम्मं वाचायची गरज नाही, तिथे जायला लागा.

चार घरं जमवा

गट सुरू करायला चार घरं पुरतात. ती शोधायच्या जागा लोकांच्या लक्षात सहसा येत नाहीत. मोठ्यांचे डायपर नेहमी विकणारा तुमच्या भागातला केमिस्ट. घरी येऊन व्यायाम करून घेणारे फिजिओथेरपिस्ट. मावशी आणि आया पुरवणारे ब्युरो. न्यूरॉलॉजिस्टच्या दवाखान्यात नंबर लावून देणारी व्यक्ती. ज्येष्ठ नागरिक संघाचे सचिव. यांच्याकडून कुणाचंही नाव किंवा नंबर मागू नका, तो त्यांना देता येणारही नाही. त्यांच्याजवळ चिठ्ठ्या ठेवा आणि त्या योग्य घरी पोहोचतील असं पाहा.

चिठ्ठीची भाषा साधी असू द्या. मी सुचवते ती अशी: "घरातल्या मोठ्या माणसाला विसरण्याचा आजार आहे? तेच तेच विचारणं, रात्री न झोपणं, संशय घेणं यानं तुम्ही थकला आहात? अशाच घरांतली आम्ही काही माणसं महिन्यातून एकदा भेटतो. व्याख्यान नाही, फी नाही. तुम्ही आलात तर घरी कोण थांबेल, याचाही मार्ग मिळून काढू. फोन करा, दुपारी दोन ते चार." शेवटून दुसरं वाक्य सर्वांत महत्त्वाचं. ते वाचूनच फोन येतात. 'वेड', 'भ्रमिष्ट', 'म्हातारचळ' हे शब्द कुठेही नकोत.

फोन आला की घाई करू नका. पहिल्या फोनवर बाई बहुधा दोन मिनिटं माहिती विचारतात आणि वीस मिनिटं बोलतात. ते बोलणं म्हणजे गटाची सुरुवातच. ऐकताना तीन गोष्टी टिपून ठेवा: घरी रुग्णाबरोबर आणखी कोण असतं, दिवसातली कुठली वेळ त्यातल्या त्यात शांत असते, आणि त्यांना घरून निघायला कुणाची परवानगी लागते का. हा तिसरा प्रश्न सरळ विचारायचा नाही. पण तो प्रश्न असतो.

वेळ, जागा, आणि घरी कोण थांबणार

इथे गट ठरतो किंवा फिसकटतो.

वेळ: संध्याकाळ टाळा. दिवेलागणीच्या सुमारास अनेक रुग्ण अस्वस्थ होतात, येरझाऱ्या घालतात, "मला घरी जायचंय" म्हणून दाराशी जातात. ती वेळ शुभंकराला सोडता येत नाही. सकाळी आंघोळ आणि नाश्त्यात अकरा वाजतात. जेवणानंतर रुग्णाचा डोळा लागतो ती वेळ, साधारण दुपारी अडीच ते चार, बऱ्याच घरांना जमते. नोकरी करणाऱ्यांसाठी हीच वेळ शनिवारी ठेवा. महिन्यातला एक ठरलेला शनिवार घ्या, म्हणजे दुसरा शनिवार तर कायम दुसराच. तारीख हलली की मावशींची सुट्टी, मुलाचा क्लास, सगळंच हलतं.

जागा: ज्येष्ठ नागरिक संघाचं विरंगुळा केंद्र, वाचनालयाची वरची खोली, शाळेचा वर्ग, देवळाचा सभामंडप यांपैकी काहीही चालेल. पायी किंवा एका रिक्षेत पोहोचता आलं पाहिजे. मुंबईत एका लोकलमध्ये बसून दुसरी बदलावी लागत असेल तर ती जागा चांगली असूनही उपयोगाची नाही. दार लावून घेता आलं पाहिजे, कारण माणसं रडतात. कुणाच्या घरी बैठका शक्यतो नकोत. यजमानीणबाई चहापोह्यांत अडकते, आणि तिच्याच सासूबाई आत झोपलेल्या असल्या तर तिला बोलताच येत नाही.

घरी कोण थांबणार, याचे चार मार्ग मला माहीत आहेत. कुठलाच प्रत्येक घरी चालत नाही.

पहिला, घरातलंच दुसरं माणूस. हा सोपा वाटतो, पण सांगावं लागतं ते नेमकं सांगावं लागतं. "जरा आईकडे बघ" म्हणून कुणी थांबत नाही. "दुसऱ्या शनिवारी अडीच ते साडेचार तू आईजवळ, औषध चारला, चहा साडेचारला" असं कागदावर लिहून फ्रिजवर लावलं की दीर, नणंद, मोठा नातू यांपैकी कुणीतरी तयार होतं. गटाच्या समन्वयकाचा एक फोन घरच्या कर्त्या माणसाला गेला तर आणखी सोपं होतं: "वहिनींना दर महिन्याला दोन तास द्या, त्यांची गटाला गरज आहे." स्वतःसाठी म्हणून बाई वेळ मागत नाही, पण गटाला आपली गरज आहे म्हटलं की घराबाहेर पडू शकते.

दुसरा, जोड्या. दोन घरं जवळजवळ असतील तर एका महिन्यात पहिली दुसरीच्या घरी थांबते, पुढच्या महिन्यात उलट. दोघींनाही आजार माहीत आहे, त्यामुळे समजावून सांगायला लागत नाही. यासाठी आधी दोनतीनदा सहज जाऊन रुग्णाला तोंडओळख करून द्यायला हवी. थेट बैठकीच्या दिवशी अनोळखी माणूस दारात नको.

तिसरा, रुग्णांना बरोबर आणणं आणि शेजारच्या खोलीत त्यांच्यासाठी काहीतरी करणं. सुरुवातीच्या आणि मधल्या टप्प्यातल्या रुग्णांना हे आवडतं. भावगीतं, भजनं, शेंगा सोलणं, फुलांचे रंग वेगळे करणं, जुने फोटो पाहणं. तीन रुग्णांमागे निदान दोन स्वयंसेवक हवेत, एकजण सतत दाराशी. समाजकार्याच्या विद्यार्थ्यांना क्षेत्रकार्यासाठी अशी जागा हवीच असते. पुण्यात कर्वे समाजसेवा संस्था, मुंबईत निर्मला निकेतन किंवा टिस (टाटा इन्स्टिट्यूट ऑफ सोशल सायन्सेस), आणि जिल्ह्याजिल्ह्यातली समाजकार्य महाविद्यालयं यांना पत्र द्या. मुलांना आधी एक दुपार आजाराबद्दल सांगा: चूक दुरुस्त करायची नाही, "आठवतंय का?" विचारायचं नाही, मागून येऊन हात धरायचा नाही.

चौथा, फोनवरून. ज्यांना कुठल्याच मार्गानं येता येत नाही त्यांच्यासाठी बैठकीतला एक मोबाइल चालू ठेवा. चित्र नको, आवाज पुरे. स्वयंपाकघरात इअरफोन लावून बाई ऐकतात, आणि त्यांची पाळी आली की हलक्या आवाजात बोलतात. फोनवर कोण आहे हे बैठकीच्या सुरुवातीला सगळ्यांना सांगायचं, म्हणजे लपून ऐकल्यासारखं होत नाही.

समन्वयक कोण असावा

समन्वयक डॉक्टर असायलाच हवा असं नाही. उलट पांढरा कोट समोर असला की गटाचं दवाखान्यात रूपांतर होतं, जो तो आपल्या गोळ्यांची नावं वाचून दाखवायला लागतो. स्वतः शुभंकर असलेली किंवा पूर्वी असलेली, ऐकून घेणारी आणि घड्याळ पाहू शकणारी व्यक्ती चांगली. सोबत एक सहसमन्वयक हवाच. कुणी रडत बाहेर गेलं तर मागे जायला, फोन सांभाळायला, आणि पहिल्या समन्वयकाच्या घरी रुग्ण आजारी पडला तर बैठक चालवायला. समुपदेशक किंवा मानसोपचारतज्ज्ञ अशी एक व्यक्ती फोनवर उपलब्ध असेल, अशी सोय मात्र आधीच करून ठेवा.

पहिली बैठक

सहा ते दहा माणसं, गोलात खुर्च्या, दीड तास. बारापेक्षा जास्त झाले तर दोन गोल करा, नाहीतर कुणाच्याच वाट्याला पुरेसा वेळ येत नाही.

पहिली दहा मिनिटं पाणी, चहा, आणि नियम वाचून दाखवणं. मग ओळख: स्वतःचं नाव, कुणाला सांभाळता, किती काळापासून, आणि "या महिन्यातली सर्वांत अवघड गोष्ट कुठली?" शेवटचा प्रश्न नेमका ठेवा. "कसं चाललंय?" विचारलं की उत्तर येतं, "चाललंय." ओळखीला पाऊण तास गेला तरी चालेल. समन्वयकानं स्वतःपासून सुरुवात करावी आणि थोडक्यात, पण खरं सांगावं, कारण बाकीचे तेवढंच खोल जातात जेवढे तुम्ही जाता.

उरलेल्या वेळात त्यातली एकच अडचण घ्यायची. समजा तिघांनी आंघोळीचं सांगितलं, तर आज आंघोळ. पाणी अंगावर ओतलं की आरडाओरडा, मारायला धावणं. ज्यांच्याकडे हे होऊन गेलं ते सांगतात: डोक्यापासून नव्हे, पायांपासून सुरुवात, शॉवरऐवजी बादली आणि तांब्या, कारण तो जुन्या सवयीचा, न्हाणीघर आधीच गरम पाण्यानं उबदार करून ठेवणं, मांडीवर पंचा टाकून झाकलेलं राहू देणं, रोजचा हट्ट सोडून एक दिवसाआड आंघोळ आणि मधल्या दिवशी ओल्या फडक्यानं पुसणं. पंधरा मिनिटांत एवढं जमतं.

शेवटची दहा मिनिटं एक फेरी: पुढच्या महिन्यापर्यंत स्वतःसाठी कुठली एक छोटी गोष्ट करणार? डोळे तपासणं, बहिणीला फोन, दुपारची झोप. पुढच्या वेळी विचारायचं, पण जाब म्हणून नाही.

बोलण्याचे नियम

नियम थोडे आणि ठाम असावेत. ते दर बैठकीत वाचायचे, नवीन कुणी नसलं तरी.

इथलं बोलणं इथंच राहील. नवऱ्यालाही नाव सांगून सांगायचं नाही. एकजण बोलताना दुसरा मध्ये बोलणार नाही. सल्ला "तुम्ही असं करा" म्हणून द्यायचा नाही, "आमच्याकडे असं केलं तेव्हा असं झालं" म्हणून सांगायचा. या एका वळणानं सल्ला हा सल्ला राहत नाही, अनुभव होतो, आणि समोरच्याला तो न घेण्याची मोकळीक राहते. औषधाचं नाव सांगता येईल, पण "हे सुरू करा" किंवा "ते बंद करा" असं म्हणता येणार नाही. शेवटचा नियम: कुणाचं दुःख मोठं, याची तुलना नाही. "तुमच्या सासूबाई निदान चालतात तरी" हे वाक्य गटातून माणूस कायमचा घालवतं.

औषधांबद्दल कडक राहायला कारण आहे. रुग्णाला शांत करायला दिल्या जाणाऱ्या मानसोपचारातल्या काही औषधांमुळे डिमेन्शिया असलेल्या वृद्धांत पक्षाघाताचा आणि मृत्यूचा धोका वाढतो. कधी ती लागतातही, पण निर्णय आणि मात्रा डॉक्टरांचीच. शेजारणीची उरलेली पट्टी घरी नेऊन द्यायची नाही.

अवघड प्रसंग

बोलणं थांबवत नाही असा एकजण प्रत्येक गटात असतो. बहुधा त्याला इतरत्र कुणी ऐकत नाही. हात वर करून शांतपणे म्हणा, "काका, तुमचा मुद्दा मला नीट समजून घ्यायचाय, बैठकीनंतर आपण दहा मिनिटं बोलू. आता पुढच्या ताईंकडे जाऊ." आणि खरंच दहा मिनिटं द्या.

कुणी चमत्कारिक पावडर, काढा, मेंदूची मालिश घेऊन आलं तर वाद घालू नका, पण गप्पही राहू नका. आज डिमेन्शिया पूर्ण बरा करणारं औषध नाही, असलेली औषधं काही जणांची लक्षणं काही काळ सावरतात, आणि या गटात कशाचीच विक्री होत नाही, एवढं स्पष्ट सांगायचं. खचलेलं घर शेवटचे पैसे अशाच गोष्टींवर घालतं.

भावंडांचे तंटे वारंवार येतात. परदेशातला भाऊ पैसे पाठवतो आणि फोनवर सूचना देतो; इथली बहीण डायपर बदलते. कोण बरोबर हे गटानं ठरवू नये. दोन्ही भावंडं त्याच गटात असली तर त्यांना वेगवेगळ्या बैठकांना बोलवा. मदतीची मागणी कशी करायची ते मात्र गटात शिकता येतं: "तू काहीच करत नाहीस" याऐवजी "मेमध्ये पंधरा दिवस तू ये, मी तेवढे दिवस माझ्या घरी राहीन" असं नेमकं मागायचं.

आणि एखाद्या दिवशी कुणीतरी खाली बघून सांगेल, "परवा माझा हात उचलला गेला." सगळी खोली गप्प होईल. अशा वेळी धिक्कार नको, आणि "होतं असं कधी कधी" म्हणून झाकणंही नको. "हे सांगितलंत ते बरं झालं. बैठक संपली की आपण दोघी बोलू" असं म्हणा. मग त्याच दिवशी ठरवा: आज रात्री घरी दुसरं कोण येऊ शकतं, या आठवड्यात मावशी लावता येईल का, काही दिवस रुग्णाला डे केअरमध्ये ठेवता येईल का, आणि या व्यक्तीला समुपदेशक कधी भेटेल. मारहाण वारंवार होत असेल तर रुग्णाची सुरक्षितता आधी. गुप्ततेचा नियम तिथे थांबतो, आणि हे नियम वाचतानाच सगळ्यांना सांगितलेलं असावं. "आम्ही दोघांनी एकदमच संपवून टाकावं असं वाटतं" हे वाक्यही कधीच सहज घेऊ नका. त्या व्यक्तीला एकटीनं घरी जाऊ देऊ नका, घरच्यांना कळवा. टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा क्रमांक चोवीस तास चालतो, तो प्रत्येकाच्या फोनमध्ये पहिल्याच बैठकीत साठवून घ्या.

आणखी एक खूण सगळ्यांनी पाठ करावी. एकदोन दिवसांत रुग्ण अचानक फार बिघडला, भास व्हायला लागले, गुंगीत गेला, तर तो आजार वाढला असं समजून बसू नका. लघवीतला जंतुसंसर्ग, बद्धकोष्ठता, शरीरातलं पाणी कमी होणं, नवं औषध यांनी असं होतं आणि त्यावर लगेच उपचार लागतात.

महिन्यांचे विषय

व्याख्यान वर्षातून दोनतीनदाच ठेवा, तेही अर्ध्या तासाचं. वकिलांना मात्र लवकर बोलवा, कारण कागदपत्रांची वेळ निघून जाते. मुखत्यारपत्र किंवा मृत्युपत्र करताना माणसाला समज असावी लागते. शिवाय भारतीय करार कायद्याप्रमाणे मुखत्यारपत्र देणाऱ्याची मानसिक क्षमता गेली की त्या मुखत्यारपत्राचा अधिकारही संपतो. हे माहीत नसल्यानं अनेक घरं निर्धास्त असतात. पुढे मालमत्तेचं काही करायची वेळ आली तर पालकत्वासाठी उच्च न्यायालयात जावं लागतं. निदान सुरुवातीच्या टप्प्यात झालं असेल तर बँकेची खाती संयुक्त करणं, नॉमिनीची नोंद, मृत्युपत्र हे पहिल्या काही महिन्यांत उरकून घ्यावं. हयातीचा दाखला मोबाइलवर चेहरा दाखवून घरबसल्या देता येतो, आणि सत्तरीपुढच्यांना बँकेनं घरी येऊन मूलभूत सेवा द्यावी असा रिझर्व्ह बँकेचा आदेश आहे. गटातल्या एखाद्या निवृत्त बँक कर्मचाऱ्यानं हे करून दाखवलं तर वकिलापेक्षा जास्त उपयोग होतो.

घराबाहेर निघून जाणं या विषयाला एक पूर्ण बैठक द्या. कपड्यांच्या आतून शिवलेली फोन नंबरची पट्टी, कोपऱ्यावरच्या वाण्याला आणि रिक्षा स्टँडला दिलेली कल्पना, फोनमध्ये ताजा फोटो. माणूस सापडत नसेल तर वाट न पाहता ११२ या आपत्कालीन क्रमांकाला फोन. चोवीस तास थांबावं लागतं हा समज चुकीचा आहे. गिळताना ठसका, रात्रीचं जागरण, मावशी कशा निवडायच्या आणि टिकवायच्या, नळीनं अन्न द्यायचं की नाही, हे बाकीचे विषय गटच पुढे आणतो.

व्हॉट्सॲपवर

सुप्रभात नाही, फॉरवर्ड नाही, रुग्णाचा फोटो किंवा व्हिडिओ कधीच नाही. ज्याला नकार देता येत नाही त्याचं चित्र पसरवायचं नाही. रात्रीचे संदेश मात्र चालू द्या. रात्री दोनला "अजून जागे आहेत, चौथ्यांदा कपडे घालून ऑफिसला निघालेत" असं लिहिलं की कुठल्यातरी घरात कुणीतरी जागं असतंच. उत्तराची सक्ती कुणावर नाही.

खेड्यात आणि परदेशात

खेड्यात वेगळा गट काढू नका, असलेल्या गोष्टीला जोडा. बचत गटाच्या बैठकीला बाया एरवीही बाहेर पडतात. त्यानंतर अर्धा तास दोनतीन घरं मागे थांबली की झालं. आशाताईंना आजाराची लक्षणं समजावून सांगितली, तर कुठल्या घरी आजीला खोलीत कोंडून ठेवावं लागतं हे त्यांना आधीच माहीत असतं. दोष न देता त्या घरी जायचं; शेतावर जाताना दुसरा मार्ग नसतो म्हणून दाराला कडी लागते. दिवसाआड शेजारची एखादी बाई थांबेल अशी सोय, हाच तिथला गट.

परदेशातल्या मुलामुलींसाठी वेगळी ऑनलाइन बैठक ठेवा. आपल्याकडे रविवारी रात्री आठ म्हणजे लंडनला दुपार आणि न्यूयॉर्कला सकाळ. त्यांचं ओझं वेगळं असतं: अपराधीपणा, फोनवर आईनं न ओळखणं, इथल्या भावंडांशी ताणलेले संबंध. इथल्या शुभंकरांसमोर ते बोललं जात नाही, बोललं तर चिडच निर्माण होते.

रुग्ण गेल्यानंतर

रुग्ण गेला की शुभंकराचं गटात येणं आपोआप बंद होतं, कारण आता आपला काय संबंध असं वाटतं. दिवसकार्य झाल्यावर समन्वयकानं स्वतः फोन करावा आणि निदान दोन बैठकांना बोलवावं. वर्षानुवर्षं दर दोन तासांनी उठणारं माणूस आता रात्री काय करत असेल, हे गटालाच कळू शकतं. "सुटलो असं वाटलं" हे वाक्यही फक्त इथेच म्हणता येतं, आणि ऐकणारे मान हलवतात.

त्यानंतर ज्यांना राहायचं असेल त्यांना काम द्या. शेजारच्या खोलीत रुग्णांबरोबर बसणं, नव्या घरी पहिला फोन करणं, बैठकीच्या दुपारी कुणाकडे तरी थांबायला जाणं. या माणसांना रुग्णाला कसं उठवायचं, कसं भरवायचं ते हाताला माहीत असतं, आणि दुपारही मोकळी असते. दर दोन वर्षांनी समन्वयक बदलताना पुढचं नाव यांच्यातूनच शोधा. जुन्या समन्वयकानं वही, केमिस्ट आणि ब्युरोंचे नंबर, विरंगुळा केंद्राची किल्ली नव्याकडे द्यावी आणि पुढच्या तीन बैठका गोलात सदस्य म्हणून बसावं.